शिंकं गेलं, मांजर राहिलं

‘मांजर दत्तक घेणं’ हा प्रयोग मराठीत नवाच म्हणायचा. ज्या भाषेत दत्तक म्हणजे वंशाला वारस, आणि ज्या दत्तकाच्या वादावरून १८४८ साली सातारचं राज्य खालसा झालं, त्या भाषेत हा शब्द एखाद्या बोक्यासाठी वापरला जावा याची गंमत वाटते. पण शब्द चुकलेला नाही. पूर्वी मांजर सहसा कोणी मुद्दाम आणत नसे, ते येई. कोठीपाशी, चुलीपाशी आपणहून मुक्काम ठोकी आणि घर ते चालवून घेई. आता ते ठरवून आणलं जातं आणि बंद दाराच्या फ्लॅटमध्ये ठेवलं जातं. हा फरक नुसत्या हौसेचा नाही. माणूस आणि मांजर यांच्यातला जुना व्यवहार ज्या गोष्टींवर उभा होता त्या एकेक करून गेल्या, आणि त्या भरून काढण्याचं काम आता आणणाऱ्याच्या अंगावर पडलं आहे. मांजर आणण्याआधी कशाचा विचार करावा, ते या गेलेल्या गोष्टींची मोजदाद केली की कळतं.

तो व्यवहार धान्याचा होता. पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला. धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे तिथलं रानमांजर. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं मांजर संशोधकांना सापडलं, ते २००४ साली जगापुढे आलं. त्या बेटावर रानमांजरं मुळात नव्हती, म्हणजे कोणीतरी ते होडीतून नेलं असणार. सिंधू संस्कृतीतल्या चान्हुदडोच्या एका विटेवर मांजराचा आणि कुत्र्याचा पंजा उमटलेला आहे. वीट ओली असताना एक पुढे आणि एक मागे पळालं असावं. मात्र कुत्र्याला माणसानं राखण, शिकार, मेंढ्या अशी कामं नेमून दिली आणि त्या कामांप्रमाणे त्याच्या जाती घडवल्या. मांजराच्या वाट्याला असं काही आलं नाही. त्याच्या बहुतेक नावाजलेल्या जाती गेल्या दीडशे वर्षांतल्या आहेत. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधलं गाजलेलं मांजर-प्रदर्शन भरलं तेही १८७१ साली. तोवर हजारो वर्षं उंदीर मारावेत आणि राहावं, एवढाच करार होता.

आपल्याकडे त्या कराराचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे शिंकं. दुधा-दह्याची मडकी आढ्याला टांगून ठेवायची ही सोय असलेल्या घरानं मांजराला आत येऊ दिलं होतं, पण त्याच्यावर विश्वास टाकला नव्हता. शिंक्याचं तुटलं नि बोक्याचं साधलं, ही म्हण त्याच घरातली. पेवात, बळदात, कणगीत धान्य असे म्हणून मांजर हवं. दूध असे म्हणून ते लांबच बरं. धर्माच्या पातळीवरही हाच दुटप्पीपणा दिसतो. मनुस्मृतीत ढोंगी माणसाला मांजराची उपमा आहे. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या शिल्पपटात एक मांजर मागच्या पायांवर उभं राहून तप करतं आणि आसपास उंदीर आहेत. दुसरीकडे मांजर मारल्याच्या पापाला सोन्याचं मांजर दान करण्याचं प्रायश्चित्त सांगितलं जाई. आडवं गेलं तर अपशकुन आणि मारलं तर महापाप, अशा कैचीत मांजर पिढ्यान्‌पिढ्या सुखानं जगलं.

हा करार एकदा कसोटीला लागला तो प्लेगात. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईत प्लेग ओळखला तो मांडवीत, म्हणजे गोदी आणि धान्याच्या वखारींच्या वस्तीत. १८९८ साली पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदरावरच्या पिसवांकडे बोट दाखवलं. मग मांजराची आठवण होणं ओघानंच आलं. वऱ्हाड-मध्य प्रांताच्या वैद्यकीय सेवेतल्या बुकॅनन या अधिकाऱ्यानं, ज्या गावांत घरोघर मांजरं तिथे प्लेग कमी, असं मत १९०८ च्या सुमारास हिरिरीनं मांडलं. कल्पना आकर्षक होती, पण मांजराला स्वतःलाच प्लेग होतो आणि त्याच्याकडून तो माणसाला लागूही शकतो. मांजर हे उंदरांवरचं हमखास औषध आहे, ही समजूतही तपासून घ्यावी अशीच आहे. न्यूयॉर्कमधल्या एका कचरा-केंद्रात ७९ दिवस कॅमेरे लावले, तेव्हा भटक्या मांजरांनी घुशीएवढे मोठे उंदीर फक्त दोन मारलेले दिसले. ती बहुतेक वेळ नुसती बघत होती.

पुढे धान्य पिशवीत आलं, दूध फ्रिजमध्ये गेलं, जमिनीवर फरशी आली आणि दार बंद झालं. करार संपला तरी मांजर राहिलं. उंदरांबरोबर त्याचं जेवणही गेलं. मांजर पक्कं मांसाहारी आहे. टॉरिन नावाचं द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसं बनत नाही, ते मांसातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा निकामी होतो हे १९७५ साली आणि हृदय कमकुवत होतं हे १९८७ साली सिद्ध झालं. दूधपोळीवर वाढलेली जुनी मांजरं पोळीवर जगत नव्हती. पाली, चिमण्या, उंदीर खाऊन वर पोळी खात होती. ज्या घरात मांस-मासे शिजत नाहीत त्या घरानं हा प्रश्न मांजर आणण्याआधी सोडवायला हवा. तीच गोष्ट मातीची. परसातली माती, चुलीतली राख मांजराला फुकट होती. १९४७ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एड लो यानं राख वापरणाऱ्या शेजारणीला आपण मुलतानी म्हणतो त्या जातीची माती दिली आणि परस पिशवीतून विकायचा एक धंदाच उभा राहिला. ती पेटी रोज उपसायची कोणी, हे घरात आधी ठरलेलं बरं. आढ्याची जागा आठव्या मजल्याच्या खिडकीनं घेतली. मांजर पायांवर पडतं हे खरं, पण १९८७ च्या न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात एकाच दवाखान्यात पाच महिन्यांत उंचावरून पडलेली १३२ मांजरं आली होती. उपचार झालेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के वाचली, पण छाती आणि जबड्याच्या दुखापती घेऊन. खिडकीला जाळी आधी आणि मांजर नंतर, हा क्रम म्हणूनच.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो: आमच्या आजीनं यातलं काही केलं नाही, तरी घरात मांजर होतंच की! होतं, पण तेच होतं का? मांजरी सातआठ महिन्यांची होण्याआधीच गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. सात घरं फिरवलेल्या त्या पिल्लांतली बरीचशी बोके, कुत्री आणि रोगराई यांच्या तोंडी जात; उरलेली गोणीत घालून बाजाराच्या दिवशी गावाबाहेर सोडली जात. मांजर घराला कायम होतं, पण ते दर दोनचार वर्षांनी बदललेलं असे, आणि त्याचा हिशेब कोणी ठेवत नसे. नसबंदी निसर्गाविरुद्ध आहे असं म्हणणाऱ्यानं गोणीचाही विचार करावा. ‘मोकळं सोडा, ते स्वतंत्र जनावर आहे’ या म्हणण्यात अधिक तथ्य आहे, कारण कोंडलेलं मांजर खरोखरच कंटाळतं. पण मोकळेपणाची किंमत रस्त्यावरची वाहनं वसूल करतात आणि पक्षीही ती मोजतात: अमेरिकेत मांजरं वर्षाला १३० ते ४०० कोटी पक्षी मारतात असा २०१३ चा अंदाज आहे, आणि त्यांत बहुतेक बळी मालक नसलेल्या मांजरांचे आहेत. घरातलं मांजर पंधरा वर्षंही जगतं. तेवढी वर्षं त्याला रोज थोडी शिकार खेळवणं, मग ती दोरीला बांधलेल्या पिसाची का असेना, हा त्यातल्या त्यात स्वस्त उपाय.

शिंकं मात्र परतलं आहे. सुताच्या गाठींचं, बाल्कनीत कुंडी टांगायचं. त्या कुंडीत लिली असेल तर ती आधी उतरवावी लागेल. तिचे पराग अंगावर सांडले आणि मांजरानं ते चाटले, एवढ्यानंही त्याची मूत्रपिंडं दोनतीन दिवसांत बंद पडू शकतात.