रिकामें आसन

भरहुतच्या स्तूपाचे अवशेष १८७३ सालीं अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या दृष्टीस पडले, तोंपर्यंत आसपासच्या गांवकऱ्यांनीं त्याचा बहुतेक दगड घरें बांधण्यासाठीं उचलून नेला होता. उरलेल्या तांबूस कठड्याचा मोठा भाग आज कोलकात्याच्या इंडियन म्यूझियममध्यें आहे. त्याच्या एका स्तंभावर पिंपळाचा वृक्ष कोरलेला दिसतो. वृक्षावर छत्र, फांद्यांना पुष्पमाला, खालीं दगडी आसन, आणि आसनापुढें गुडघे टेकलेले भक्त. आसनावर मात्र कोणीहि बसलेलें नाहीं. हा भगवान शाक्यमुनींचा बोधि होय, असें जवळचा कोरीव लेख सांगतो.

येथवर सारें सरळ आहे. घोटाळा करते ती भोंवतालची इमारत. वृक्षाच्या बुंध्याभोंवतीं खांबांवर उभारलेला एक मंडप आहे; त्यांतून वृक्ष वर निघाला आहे, आणि शेजारीं हत्तीच्या शीर्षाचा एक सुटा स्तंभ आहे. सिद्धार्थ उरुवेलेस उघड्या वृक्षाखालीं बसला, त्या रात्रीं तेथें ना मंडप होता, ना स्तंभ. तें सारें मागाहून आलेल्या राजांचें व श्रद्धाळूंचें काम. आपण राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षीं संबोधीस गेलों, असें अशोकानेंच आपल्या आठव्या शिलालेखांत नमूद करून ठेविलें आहे. तेव्हां शिल्पकारानें दाखविली ती बोधिप्राप्तीची रात्र, कीं आपल्या काळीं यात्रेकरूंनीं पाहिलेलें तीर्थ?

फ्रेंच पंडित आल्फ्रेड फूशे यांनीं या प्रश्नाचें एक मोठें आकर्षक उत्तर दिलें. जन्म, बोधि, प्रथम उपदेश आणि परिनिर्वाण यांचीं चार स्थळें श्रद्धाळूंनीं पाहावीं, असें बुद्धानें आनंदास सांगितल्याची कथा महापरिनिब्बान सुत्तांत आहे. त्या यात्रेहून परतणारे लोक खूण म्हणून कमळ, वृक्ष, चक्र, स्तूप अशीं साधीं चिन्हें घरीं आणीत. शिल्पकारांनीं पुढें तीच रीत चालविली, असें फूशे यांचें अनुमान. १९९० सालीं सूझन हंटिंग्टन यांनीं त्याच्याहि पुढें पाऊल टाकिलें. हीं शिल्पें बहुतांशीं बुद्धचरित्राचीं नव्हेतच, तीं तीर्थपूजेचीं चित्रें आहेत, असें त्यांनीं मांडलें. पुढच्याच वर्षीं विद्या देहेजिया यांनीं उत्तर दिलें कीं, एकच चिन्ह प्रसंगीं बुद्धाचें, प्रसंगीं स्थळाचें, तर प्रसंगीं धर्माचें निदर्शक असूं शकतें.

देहेजियांचें म्हणणें अधिक पटण्याजोगें आहे, आणि साक्ष पुन्हां भरहुतचीच. तेथेंच अजातशत्रु राजा हत्तीवरून उतरून एका रिकाम्या आसनापुढें नमस्कार करितांना कोरलेला आहे. आसनापायथ्याशीं पाउलें उमटलीं आहेत. लेख म्हणतो, अजातशत्रु भगवंतांस वंदन करीत आहे. आसनास नव्हे, भगवंतांस! सांचीच्या पूर्व तोरणावर तर दोन्ही तऱ्हा एकावर एक आहेत. मधल्या तुळईवर कपिलवस्तूहून निघालेला बिनस्वाराचा घोडा, त्यावर धरलेलें छत्र. तोच घोडा पुन्हां पुन्हां कोरून अखेर छत्रावांचून परत फिरतो. ही उघड उघड चरित्रकथा आहे. खालच्या तुळईवर बोधिवृक्षाच्या यात्रेस आलेला अशोक हत्तीवरून उतरत आहे. ही उघड तीर्थयात्रा. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यांतहि एक राजा परिवारासह बोधिवृक्षाची पूजा करितांना रंगविला आहे. महाराष्ट्रांतील कारागिरांनींहि ही भाषा तेव्हांच आत्मसात केली होती.

पुढें गांधार व मथुरा येथें बुद्धमूर्ति घडूं लागल्या आणि आसन भरलें. स्थळांचा विसर मात्र पडला नाहीं. चारांचीं आठ झालीं: श्रावस्ती, सांकाश्य, राजगृह व वैशाली यांची त्यांत भर पडली. सारनाथच्या गुप्तकालीन शिळांवर, आणि अधिक रेखीवपणें पालकालीन शिळांवर, हीं आठहि एकत्र येतात. पालकालीन शिळेंत मध्यभागीं भूमिस्पर्श मुद्रेंतील मोठा बुद्ध, म्हणजे बोधगया. कडेला वानरानें मध अर्पिलेली वैशाली, मत्त हत्तीस शांत केलेलें राजगृह. आणि माथ्यावर पहुडलेला बुद्ध, म्हणजे कुशीनगर. अशाच तळहाताएवढ्या कोरीव पाट्या ब्रह्मदेशांत व तिबेटांत सांपडल्या आहेत. ज्यास मगधास जाणें घडत नसे, त्याची यात्रा अशा पाटीवरच होत असे.

महाबोधि मंदिराच्या दगडी प्रतिकृतीहि अशाच दूरदेशीं गेल्या, आणि पगान येथें तेराव्या शतकांत त्या मंदिराचें एक अनुकरणच उभें राहिलें. इकडे मूळ मंदिर ढांसळत चाललें होतें. १८८० नंतर कनिंगहॅम व बेगलर यांनीं त्याचा जीर्णोद्धार हातीं घेतला, तेव्हां पूर्वींची इमारत कशी होती हें ठरविण्यास जे आधार मिळाले, त्यांत तेथल्याच अवशेषांत सांपडलेली मंदिराची एक लहानशी दगडी प्रतिकृति होती.