प्रस्तावना: युक्तिवादाचा सांधा

पाण्याबद्दल मत नसलेला माणूस नगर जिल्ह्यात (आताच्या अहिल्यानगरात) शोधून सापडायचा नाही. उत्तरेला भंडारदरा आणि प्रवरेचे कालवे, दक्षिणेला पारनेर, कर्जत, जामखेडचा अवर्षणाचा पट्टा. म्हणून या पुस्तकातला पहिला युक्तिवादही पाण्याचाच आहे: 'हिवरे बाजारमध्ये समतल चर खोदले, नालाबांध घातले आणि विहिरींची पातळी वाढली. तेव्हा आपल्या गावातही चर आणि बांध केले की पातळी वाढेल.' हा युक्तिवाद सर्वाधिक कमकुवत करणारे विधान कोणते?

'या कामांना खर्च फार येतो' हा पर्याय बहुतेकांना भुरळ घालतो. बोलणे खरे असेल, पण निष्कर्ष पातळीबद्दल आहे, खर्चाबद्दल नाही. 'चर खोदल्याने पाणी मुरतच नाही' असे म्हणत काही जण पुराव्याशीच भांडतात. पुरावा मात्र मान्य करायचा असतो, आणि दिलेला पर्यायही खरा धरूनच चालायचे असते. घाव घालायचा तो पुरावा आणि निष्कर्ष यांच्यामधल्या सांध्यावर.

हिवरे बाजारात तो सांधा उघडाच दिसतो. 1989 नंतर सरपंच पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गाव बदलले ते फक्त फावड्याने नव्हे. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, गुरे मोकाट चारायची नाहीत असे नियम गावाने स्वतःवर घातले. पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मग पिके ठरवायची, ही तिथली पद्धत. म्हणजे पाणी मुरले तसा उपसाही आवरला. 'त्याच काळात गावाने उपशावर बंधने घातली होती, आपल्या गावात तशी बंधने नाहीत' हे विधान आले की निष्कर्ष डळमळतो. चर निरुपयोगी आहेत असे मात्र यातून सिद्ध होत नाही. कमकुवत करणे म्हणजे खोटे पाडणे नव्हे, आणि परीक्षेत निम्मे गुण इथेच सांडतात असे मला वाटते.

युक्तिवादातला सांधा शोधण्याची ही विद्या परदेशी व्यवस्थापन-परीक्षांबरोबर आपल्याकडे आली, असा एक समज आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत 2011 पासून आणि राज्यसेवेत 2013 पासून कल चाचणी आली, तेव्हा तो आणखी पक्का झाला. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, हे ऐकून हसू आले असते. 'डोंगरावर अग्नी आहे, म्हणून तिथे धूर असणारच' या अनुमानाला ते 'उपाधी', म्हणजे लपलेली अट, दाखवत: धूर निघतो तो ओल्या सरपणामुळे. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. आपल्या उदाहरणात उपशावरची बंधने हे ओले सरपण.

खंडन ही याहून वेगळी चीज. नेवाशात रचला गेला असे परंपरा सांगते त्या 'अमृतानुभवा'चे सातवे प्रकरण अज्ञानखंडनाचे आहे. प्रतिपक्षाला उभे राहायला जागाच उरू नये, ही तिथली प्रतिज्ञा. परीक्षेतल्या प्रश्नाला इतके नको असते. त्याला फक्त शंकेला रास्त जागा हवी असते.

शिकवताना आलेली एक गंमत सांगतो. दुष्काळी तालुक्यातली मुले पाण्याच्या प्रश्नात हटकून अडखळतात, कारण त्यांना जास्त माहीत असते. पर्याय वाचण्याआधीच त्यांचे उत्तर तयार असते, आणि ते प्रश्नापेक्षा शहाणे असते! त्यांनी आधी निष्कर्षाचे वाक्य अधोरेखित करावे, मग 'हे खरे ठरायला आणखी काय खरे असावे लागेल?' असे विचारावे. पर्याय त्यानंतर. क्लासमध्ये मिळणाऱ्या 'टोकाचे शब्द असलेला पर्याय आधी बाद करा' यासारख्या युक्त्यांवर मात्र विसंबू नका. कमकुवत करण्याच्या प्रश्नात टोकाचे विधान हेच बऱ्याचदा उत्तर असते.

पुढची तीन प्रकरणे कारण-परिणामाची, नमुन्याची आणि तुलनेची आहेत. तुलनेचे प्रकरण सर्वांत लांबले आहे, कारण 'तिथे झाले, इथेही होईल' हा युक्तिवाद परीक्षेइतकाच ग्रामसभेतही चालतो. हिवरे बाजारसारख्याच पाण्याच्या कामांसाठी गाजलेल्या राळेगणसिद्धीवरचा सराव त्याच प्रकरणात ठेवला आहे. तो सोडवण्याआधी मागची उत्तरे पाहू नयेत.