वाळवीने खाल्लेली नक्कल

भुईवर बसलेले पाच-सहा वर्षांचे पोर उठू लागले, की आधी दोन्ही हात जमिनीला टेकते, मग ते गुडघ्यांवर, मांड्यांवर चढवीत, जणू आपल्याच अंगाची शिडी करून उभे राहते. पोटऱ्या पाहाव्या तर पहिलवानाला शोभतील अशा भरलेल्या, आणि बळ मात्र दिवसेंदिवस ओसरत चाललेले. एकोणिसाव्या शतकात या व्याधीचे सविस्तर वर्णन करणाऱ्या द्यूशेन या फ्रेंच वैद्याचेच नाव तिला चिकटले. तिचे मूळ मात्र १९८६-८७ साली बोस्टनमध्ये लुई कुंकेल यांच्या मंडळींना गवसले. स्नायुपेशीच्या आवरणाला आतून सावरणारे डिस्ट्रॉफिन हे प्रथिन या मुलांत जवळजवळ नसतेच.

हे प्रथिन घडवणारे जनुकच या मुलांत बिघडलेले असते; तेव्हा शाबूत जनुकाची नक्कल विषाणूच्या हाती देऊन पेशीत रवाना करावी, ही युक्ती सुचायला फारशी प्रतिभा लागत नव्हती. अडचण थैलीची होती. १९६५ साली दुसऱ्याच एका विषाणूच्या नमुन्यात भेसळ म्हणून आढळलेला एएव्ही हा जासूद मोठा निरुपद्रवी, पण त्याच्या थैलीत जेमतेम ४७०० अक्षरे मावतात, आणि डिस्ट्रॉफिनचा मजकूर, सारा फापटपसारा वगळला तरी, अकरा हजारांच्या घरात जातो.

काटछाट करावी, पण कोठे? याचा दाखला एका रुग्णाच्या शरीरातच मिळाला. के डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली अशा एका गृहस्थाची हकीकत प्रसिद्ध केली, की ज्याच्या जनुकातला ४६ टक्के मजकूर जन्मतःच गळालेला असूनही तो एकसष्टाव्या वर्षी आपल्या पायांनी चालत होता. कचेरीतल्या जुन्या कागदाचा मायना आणि सही-शिक्का शाबूत असला, की मधली काही कलमे वाळवीने खाल्ली तरी काम निभावते, तशातलाच हा प्रकार: गळाले होते ते चोवीस आवर्तनांच्या लांब दांड्यातले, पेशीच्या सांगाड्याला धरणारे आणि आवरणाशी बांधलेले टोक धड होते.

ही खूण धरून श्याओ श्याओ यांनी २००० साली आणि जेफ्री चेंबरलेन यांनी २००२ साली दांडा आणखी छाटून थैलीत मावेल एवढी नक्कल बेतली, आणि रोगी उंदरांच्या स्नायूंत ती उतरली. आजचे ‘मायक्रो-डिस्ट्रॉफिन’ ते हेच.

पुढे ओहायोतील कोलंबसमध्ये सहा मुलांच्या दंडात अशाच एका नकलेची सुई टोचण्यात आली. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा नवे प्रथिन फारसे टिकलेले नव्हतेच. शिवाय दोन मुलांच्या रक्तात डिस्ट्रॉफिनला शत्रू मानणाऱ्या पेशी सुई टोचण्यापूर्वीपासूनच पहाऱ्यावर होत्या.