चार तासांची स्ट्रॉबेरी

२०१० सालच्या जानेवारीत मी चार दिवसांची रजा काढून भिलारला घरी आले होते. पहाटे सव्वातीनला उशाखालचा मोबाइल वाजला. मी उठून ओसरीत आले, तर आबा जागेच. त्या आठवड्यात शेतीपंपाची लाईट रात्रीची होती. ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवायला ते विहिरीवर निघाले होते. मी लॅपटॉपला डोंगल लावून बसले, तसे ते थांबले.

"हापिसचं काम निघालं का गं?"

"नाही आबा, तोडणी आहे."

"कसली?"

"स्ट्रॉबेरीची. अकराला लावली होती, आता तयार झाली."

आबा वाकून बघायला लागले. पडद्यावर मातीचे चौकोन होते, त्यांवर लालचुटुक फळं. एकेका चौकोनावर मी माऊस टेकवत होते, फळ नाहीसं होत होतं आणि वर नाण्यांचा आकडा वाढत होता. त्यांनी चांगली दोन-तीन मिनिटं पाहिलं. मग एवढंच विचारलं, "पाणी कोण देतं?"

पाणी द्यावंच लागत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी बॅटरी उचलली आणि ते अंधारात उतरून गेले.

त्या प्रश्नाने मला नंतर बरीच वर्षं सोडलं नाही. स्ट्रॉबेरीच्या गावात जन्मलेली, वाफ्यात वाढलेली मुलगी कचेरीतली नोकरी करते आणि रात्री गजर लावून खोट्या स्ट्रॉबेरीची तोडणी करते, हे कसं झालं? तेव्हापासून फार्मव्हिल या फेसबुकवरच्या खेळाबद्दल जे मिळेल ते मी वाचत आले. हा खेळ कुठून आला, कोणाकोणाच्या हातांतून गेला आणि वाटेत त्यात काय मिसळलं गेलं, हे आता मला बऱ्यापैकी सांगता येतं.

आधी खरी स्ट्रॉबेरी. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर मदर प्लांट येतात. त्यांना फुटलेले रनर पिशव्यांत धरायचे, ती रोपं जगवायची आणि पाऊस ओसरू लागला की सप्टेंबरात गादीवाफ्यावर लागण करायची. मल्चिंग पेपर, ठिबक, भांगलण. पहिलं फळ हाताशी यायला नोव्हेंबर उजाडतो. पुढे डिसेंबर-जानेवारीत वेण्णा तलावाच्या अंगाला दव गोठतं, तेव्हा पर्यटक फोटो काढतात आणि आमच्या घरात कुणाला धड झोप लागत नाही. आमच्या वाफ्यात तेव्हा कॅमारोसा आणि स्वीट चार्ली होती. कॅमारोसा ही कॅलिफोर्निया विद्यापीठाने काढलेली जात. फार्मव्हिल काढणारी झिंगा कंपनीही कॅलिफोर्नियातलीच, सॅन फ्रान्सिस्कोची. तिच्या स्ट्रॉबेरीला चार तास लागत.

पण खेळातल्या शेतीचं मूळ कॅलिफोर्नियात नाही, जपानात आहे. यासुहिरो वाडा नावाचा एक माणूस क्यूशू बेटावरच्या खेड्यातून टोकियोला नोकरीला आला. शहरात राहून त्याला गावाची आठवण येऊ लागली, आणि गावाकडच्या जगण्यातलं चांगलं ते खेळात उतरवावं असं त्याला वाटलं. १९९६ च्या ऑगस्टमध्ये जपानात त्याचा खेळ आला, जगभर तो 'हार्वेस्ट मून' म्हणून ओळखला गेला. पडीक शेत घ्यायचं, मशागत करायची, पाणी घालायचं, गाईला हात लावायचा, गावातल्या माणसांशी बोलायचं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नोकरीसाठी घेतलेल्या हडपसरच्या खोलीत मला जे होत होतं, तेच त्या माणसाला टोकियोत झालं होतं.

हार्वेस्ट मूनमध्ये एक गोष्ट होती, तिच्याकडे नीट बघायला हवं. यंत्र बंद केलं की शेत थांबायचं. तुम्ही आठ दिवस गेला नाहीत तरी पीक होतं तिथेच उभं. शेत तुमची वाट बघायचं.

२००८ मध्ये शांघायच्या एका छोट्या कंपनीने 'हॅपी फार्म' काढलं, आणि ते चिनी सोशल नेटवर्किंग साइटवर गेलं. तिथे पीक खऱ्या घड्याळावर वाढू लागलं. शिवाय तयार झालेला भाजीपाला तुमचे मित्र चोरून नेऊ शकत. त्यामुळे लोक रात्री गजर लावून उठू लागले, आपला माल वाचवायला आणि दुसऱ्याचा पळवायला. गजराची सुरुवात तिथली.

त्याच सुमाराला फेसबुकवरही खेळांची दारं उघडलेली होती. २४ मे २००७ ला फेसबुकने बाहेरच्यांना आपल्या साइटवर खेळ मांडायची मुभा दिली. पहिल्या लाटेत ज्याचं नाव झालं, तो खेळ आपल्याकडचा होता: कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांचं स्क्रॅब्युलस. २००८ पर्यंत रोज पाच लाखांवर माणसं तो खेळत होती. स्क्रॅबलच्या मालक कंपन्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि जुलै २००८ मध्ये अमेरिका-कॅनडापुरता तो बंद करावा लागला. मीही तो खेळले आहे. तिथे तुमची पाळी आली की सवडीने शब्द लावायचा, उशीर झाला तरी समोरचा थांबायचा. तो खेळ कुणाला रात्री तीनला उठवत नव्हता.

फार्मव्हिल १९ जून २००९ ला आलं. झिंगा कंपनी मार्क पिंकसने २००७ मध्ये सुरू केली होती. शिकताना एकत्र आलेल्या चौघा मित्रांची एक छोटी कंपनी झिंगाने विकत घेतली आणि त्यांच्या तयार सांगाड्यावर अवघ्या पाच आठवड्यांत हा खेळ उभा केला. ऑगस्टपर्यंत रोज एक कोटी लोक खेळत होते. मार्च २०१० मध्ये महिन्याला खेळणाऱ्यांचा आकडा ८ कोटी ३० लाखांच्या वर गेला. २०१०-११ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातले सगळे वहितीदार मिळून सुमारे १ कोटी ३७ लाख भरले, त्यावरून अंदाज करावा.

शांघायची चोरी फार्मव्हिलने ठेवली नाही. त्याऐवजी पीक सुकू लागलं. वेळेवर तोडलं नाही तर लाल फळांच्या जागी करड्या काड्या दिसायच्या. हे ज्याने कुणी ठरवलं, त्याला शेतकऱ्याचं मन कळलं होतं असंच मी म्हणेन. पाऊस नाही, कीड नाही, दव नाही, बाजारभाव कधी पडत नाही. शेतकऱ्याच्या सगळ्या काळज्या काढून टाकल्या आणि एकच ठेवली, उभं पीक डोळ्यांदेखत वाया जाण्याची. मी शेतकऱ्याची पोर. माझ्याने ते बघवत नसे. मी वेळेचा हिशेब बांधून लागण करायचे. जेवणाच्या सुट्टीत निघेल असं काही, रात्री झोपमोड होणार नाही असं काही. आणि तरी चार तासांची स्ट्रॉबेरी लावायचेच, कारण आमच्या घरचं पीक तेच.

घड्याळाखेरीज त्यात दुसरी एक गोष्ट होती. माझ्या मते खरी पकड तिचीच होती.

ती समजायला आधी आमच्याकडची एक रीत सांगते. तिला आमच्या भागात पैरा म्हणतात, कुणी सावड म्हणतं. सप्टेंबरात लागणीची घाई असते, मजूर मिळत नाहीत. मग शेजारच्या तात्यांच्या घरची चार माणसं आमच्या लागणीला येतात, दोन दिवसांनी आमची चार त्यांच्याकडे जातात. पैशाची देवघेव नाही. वहीही नाही, आईच्या डोक्यात सगळं पक्कं असतं: कुणाचे किती दिवस आले, कुणाचे फेडायचे राहिले. तात्यांची सून बाळंतीण होती त्या वर्षी त्यांच्याकडून एक माणूस कमी आला. आईने तो दिवस मोजला नाही, पण आमची चारही माणसं पाठवली. पैरा अंगावर ठेवायचा नाही, हे आम्हाला अक्षरओळखीच्या आधी शिकवलेलं.

फार्मव्हिलमध्ये मित्र 'नेबर' व्हायचे. नेबरच्या शेतावर जाऊन त्याच्या पिकाला खत घालता यायचं. झाडं, जनावरं भेट पाठवता यायची, आणि गंमत म्हणजे त्यांतली काही स्वतःसाठी घेताच यायची नाहीत, दुसऱ्याने पाठवली तरच मिळायची. जमीन वाढवायची तर ठरावीक इतके नेबर जमवा, नाहीतर खरे पैसे मोजा. एखाद्या मैत्रिणीच्या शेतावर वाट चुकलेली एकटी गाय यायची, तिला कुणीतरी घर द्या म्हणून भिंतीवर हाक पडायची. सकाळी उघडावं तर दहा जणांनी दहा झाडं पाठवलेली. झाड घेतलं की लगेच उलट भेट पाठवायची खिडकी समोर. मी कशी नाही म्हणणार? पैरा अंगावर ठेवायचा नाही.

माझे ६२ नेबर होते. त्यांतल्या एकीशी शाळा सुटल्यापासून मी शब्दही बोलले नव्हते. ती न्यू जर्सीत, मी हडपसरला. जवळजवळ वर्षभर आम्ही एकमेकींना झाडं पाठवत होतो आणि "कशी आहेस" एवढंही कुणी लिहिलं नाही. लिहायची गरजच वाटत नव्हती, देणं फिटत होतं ना. आता याचं मला फार वाईट वाटतं. तात्यांच्या सुनेसाठी आईने सोडून दिलेला तो एक दिवस या खेळात बसवायला जागाच नव्हती.

ती शेजारभावना लोकांच्या मनात खरी होती, याचा पुरावाही आहे. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला, तेव्हा झिंगाच्या खेळांतून पाच दिवसांत १५ लाख डॉलर जमा झाले. आणि दुसरी बाजू: त्याच वर्षी मार्चमध्ये बल्गेरियातल्या प्लोवदिव शहरात एका नगरसेवकाला समितीतून काढून टाकलं, कारण बैठक चालू असताना तो फार्मव्हिलमधल्या गाई सांभाळत होता. न खेळणारे तर इतके कावले होते की "तुमच्या शेताशी मला देणंघेणं नाही" अशा अर्थाच्या गटात लाखो लोक सामील झाले. मार्च २०१० मध्ये फेसबुकने खेळांच्या सूचनांना लगाम घातला. धंदा मात्र फेसबुक आणि झिंगा या दोघांचा एकमेकांत गुंतलेला होता. २०११ मध्ये फेसबुकच्या एकूण उत्पन्नातला १२ टक्के वाटा एकट्या झिंगामुळे आलेला होता.

या सगळ्यात गोडी नेमकी कशाची, हे एका प्राध्यापकाने उघडं करून दाखवलं. तेव्हा अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये असलेले इयन बोगोस्ट. त्यांनी जुलै २०१० मध्ये 'काऊ क्लिकर' काढलं. एक गाय. तिला दर सहा तासांनी एकदा टिचकी मारायची, बाकी काही नाही. असले खेळ किती पोकळ असतात ते लोकांना दिसावं, हा हेतू. पन्नास हजारांवर लोक मन लावून खेळायला लागले. शेवटी सप्टेंबर २०११ मध्ये त्यांनी सगळ्या गाई उचलून घेतल्या. नुसतं गवत उरलं, तरी काही जण त्या रिकाम्या जागेवर टिचकी मारायला येतच राहिले.

फेसबुकवरच्या प्रश्नमंजूषांचंही थोडक्यात सांगते, कारण त्यांतही शेजारीच कामाला आला. "तुमचा स्वभाव कसा?", "तुम्ही कोणता रंग?" अशा चाचण्या मी किती भरल्या याला गणती नाही. आपल्याबद्दल कुणीतरी चार शब्द सांगावेत, ही भूक माणसाला असतेच. पण तेव्हाच्या नियमांत चाचणी भरणाऱ्याच्या परवानगीने त्याच्या मित्रांचीही माहिती बाहेर जात असे. केंब्रिजच्या अलेक्झांडर कोगन यांची स्वभावचाचणी सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी भरली, आणि माहिती गेली ती फेसबुकच्याच अंदाजाने ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची. भारतात ती फक्त ३३५ जणांनी घेतली होती, तेवढ्यावर ५ लाख ६२ हजार माणसांची माहिती जाण्याची शक्यता निर्माण झाली. हे २०१८ मध्ये कळलं. मी माझ्या हौसेपायी ६२ जणांची दारं कधी कुणाला उघडून दिली असतील, हे मला कळायला मार्ग नाही, आणि त्यांची माफी मागायलाही.

मी २०११ च्या पावसाळ्यात खेळ सोडला. सोडला म्हणजे, लागणीला घरी आले आणि आठ दिवस डोंगल लावलंच नाही. परत गेले तोवर सगळं सुकलेलं असणार, आणि उघडून बघायची इच्छा राहिली नव्हती. कुणी विचारलं नाही.

फार्मव्हिल फ्लॅशवर चालायचं, आणि २०२० अखेर फ्लॅश बंद होणार होतं. त्यामुळे १७ नोव्हेंबर २०२० नंतर खेळात पैसे भरणं थांबलं आणि ३१ डिसेंबरला खेळ मिटणार असं जाहीर झालं. टाळेबंदीपासून मी भिलारहूनच काम करत होते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका पहाटे मी सव्वानऊ वर्षांनी आत गेले. सगळं शेत करडं पडलेलं होतं. नेबरांच्या यादीत नावं तशीच होती. एक चौकोन नांगरला, स्ट्रॉबेरी लावली. मग न्यू जर्सीच्या मैत्रिणीला "कशी आहेस" असं लिहिलं आणि लॅपटॉप मिटला. आबा डोक्याला मफलर बांधून पायरीवर थांबले होते. आम्ही तोडणीला उतरलो.

तिचं उत्तर दुपारी आलं. तिची आई तीन वर्षांपूर्वी गेली होती. मला ते माहीत नव्हतं.