कपाळीचे नाक

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र छापून आले. पत्राखाली लेखकाचे नाव नाही, ‘बी. एल.’ एवढी दोनच अक्षरे आहेत. शस्त्रवैद्यकाच्या इतिहासात या पत्राचा उल्लेख वारंवार होतो. इतिहासकार त्यातली शस्त्रक्रिया उचलतात आणि पुढे जातात. आम्ही साहित्याचे विद्यार्थी. मजकुरात नाव कोणाला मिळाले आणि कोणाला नाही, हे पाहण्याची आम्हांला खोड आहे. त्या खोडीपायीच हा लेख.

पत्रातली हकीकत अशी. कावसजी नावाचा, शेतकरी जातीचा एक मराठा १७९२ च्या युद्धात इंग्रज फौजेबरोबर बैल हाकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे तो मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला आणि कंपनीने त्याला निवृत्तिवेतन बांधून दिले. (कावसजी हे नाव आमच्या कानाला पारशी वाटते. इंग्रजी कानाने ऐकून लिहिलेल्या मराठी नावांचे काय होते, हे जुने दप्तर चाळणाऱ्यांना सांगायला नको.) सुमारे बारा महिने तो नाकाविना हिंडला. मग पुण्याजवळच्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. हा माणूस ‘वीटकरी जातीचा’ होता, इतकेच पत्र सांगते. मुंबई इलाख्यातल्या टॉमस क्रूसो आणि जेम्स ट्रिंडले या दोन डॉक्टरांनी ही क्रिया पाहिली होती, हे मात्र नावानिशी नोंदले आहे.

क्रियेचे वर्णन वाचण्याजोगे आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटावर बसवून नाकासारखा घडवायचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. त्या रेघेच्या आतली कातडी सोलून काढायची. पण दोन डोळ्यांच्या मध्ये तिची एक अरुंद पट्टी जागच्या जागी राहू द्यायची. थोटाच्या कडेला चीर घेऊन, कातडी खाली वळवून तिची किनार त्या चिरेत बसवायची. टाके नाहीत. ‘टेरा जापोनिका’ पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि अशा पाचसहा पट्ट्या सांध्यावर एकावर एक चिकटवायच्या. हे भारदस्त लॅटिन नाव म्हणजे आपल्या पानाच्या तबकातला कात! चार दिवस तेवढेच बंधन. नंतर तुपात भिजवलेली फडकी. दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती मधली पट्टी कापून टाकायची.

सगळी मेख त्या पट्टीत आहे. तिच्यातून रक्त वाहत राहते, म्हणून कपाळावरून उतरलेली कातडी नव्या जागी रुजेपर्यंत मरत नाही.

या प्रसंगाची गाठ सरळ सुश्रुताशी मारण्याचा आपल्याकडे परिपाठ आहे. सुश्रुतसंहितेत नासासंधान आहे यात वाद नाही. पण तिथे माप झाडाच्या पानाने घ्यायचे आहे आणि कातडी गालाची आहे. पुण्यात माप मेणाचे आणि कातडी कपाळाची. म्हणजे ग्रंथ आणि हात यांच्यामध्ये कुठेतरी पुष्कळ काही घडून गेले होते. ज्यांनी ते घडवले त्यांनी काही लिहून ठेवले नाही. त्यांचा अभ्यास हातातच राहिला. परंपरेचा अभिमान बाळगताना आपण त्यांना पुन्हा एकदा ग्रंथाच्या सावलीत ढकलतो, ही गोष्ट आम्हांला खटकते. सुश्रुताला नाव आहे. वीटकऱ्याला जात आहे.

इंग्लंडात जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने हे वर्णन मनावर घेतले. त्याने १८१४ मध्ये कपाळाच्या कातडीने नाक केले आणि १८१६ मध्ये अशा दोन शस्त्रक्रियांचा वृत्तान्त पुस्तकरूपाने छापला. युरोपात ही रीत ‘भारतीय पद्धत’ म्हणून रूढ झाली. एका माणसाच्या नावाच्या जागी देशाचे नाव आले.

पुढची पाऊणशे वर्षांची कथा थोडक्यात सांगता येईल, कारण तिचा रोख एकच होता : पट्टीवाचून कातडी जगवायची कशी? पॅरिसमध्ये जाक रेव्हेर्दँ यांनी १८६९ मध्ये बाह्यत्वचेचे बारीक तुकडे उघड्या जखमेवर नुसते ठेवले आणि ते रुजले. मग मोठे पापुद्रे काढून लावण्याची पद्धत आली. एक अडचण मात्र हटली नाही. जिथून कातडी घ्यायची तिथे ती शाबूत असली पाहिजे, आणि दुसऱ्याची कातडी शरीर आज ना उद्या नाकारते. जो जवळजवळ सगळाच भाजला आहे, त्याने कपाळ कुठून आणावे?

उत्तर आले ते वेगळ्याच शोधाच्या वाटेवर. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटी या संस्थेत हॉवर्ड ग्रीन उंदराच्या एका अर्बुदाच्या पेशी वाढवीत होते. त्यांत त्यांना कातडीसारख्या पेशींचे पुंजके दिसले. १९७५ मध्ये त्यांनी आणि जेम्स राइनवॉल्ड यांनी माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी बशीत वाढवून दाखवल्या. त्यासाठी तळाशी उंदराच्या पेशींचा थर घालावा लागे. किरणोत्सर्गाने त्यांचे विभाजन थांबवलेले असे, पण वरच्या पेशींचे पोषण त्या करीत. १९८३ मध्ये वायोमिंग राज्यातली दोन लहान भावंडे नव्वद टक्क्यांहून अधिक भाजली. बॉस्टनमध्ये त्यांच्या शरीरावर उरलेल्या कातडीचे लहानसे तुकडे घेऊन त्यांतून एवढी बाह्यत्वचा वाढवण्यात आली, की शरीराचा सुमारे निम्मा भाग तिने झाकता आला. मुले वाचली. या नव्या कातडीला घाम येत नव्हता, केसही नव्हते. तरी ती त्यांची स्वतःचीच होती.

एवढ्याशा तुकड्यातून एवढी कातडी येते, याचे कारण तिच्यातल्या मोजक्या मूळपेशी. या शब्दापाशी क्षणभर थांबणे आमच्या वाचकांना आवडेल. १८६८ मध्ये अर्न्स्ट हेकेल यांनी जर्मनमध्ये जो शब्द वापरला, त्यात झाडाचे खोड आणि वंश हे दोन्ही अर्थ मिसळलेले होते. साऱ्या जीवांचा आदिपूर्वज असलेला एकपेशीय जीव त्यांना अभिप्रेत होता. मराठीत कोणी ‘स्कंधपेशी’ म्हणाले, तर कोणी ‘मूळपेशी’. पहिला शब्द खोडाशी इमान राखतो, दुसरा मुळाशी जातो. आमचे मत दुसऱ्याच्या बाजूने आहे. खोड दिसते, या पेशी मात्र बाह्यत्वचेच्या तळाच्या थरात लपलेल्या असतात आणि वरचा थर झडत राहतो तसा खालून नवा पुरवीत राहतात.

हाडाची गोष्ट याहून निराळी आहे. कातडीची खोल जखम भरली तरी वण राहतो. मोडलेले हाड नीट जुळले तर बहुतेक वेळा पुन्हा हाडच होते. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये क्षार काढून टाकलेले हाड स्नायूत पुरले, तर तिथे नवे हाड तयार झाले. मॉस्कोत अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन यांनी अस्थिमज्जेतल्या हाड घडवणाऱ्या पेशी ओळखल्या. हाडाला पुन्हा घडण्याची कला मुळातच येते. कातडीला ती शिकवावी लागते.

२०१५ मध्ये जर्मनीतल्या बोखुम येथे सीरियातून आलेल्या निर्वासित कुटुंबातला सात वर्षांचा मुलगा रुग्णालयात दाखल झाला. एका आनुवंशिक दोषामुळे त्याची बाह्यत्वचा आतल्या थराला धरून राहत नव्हती. तिचा बहुतेक भाग गळून गेला होता. इटलीतल्या मोदेना येथे मिकेले दे लुका आणि सहकाऱ्यांनी त्याच्या जांघेतल्या चार चौरस सेंटिमीटर कातडीतून पेशी घेतल्या, विषाणूच्या वाहनाने त्यांत सदोष जनुकाची निर्दोष प्रत घातली आणि त्यांची पाने वाढवून बोखुमला पाठवली. शरीराचा सुमारे ऐंशी टक्के भाग त्यांनी झाकला गेला. २०१७ मध्ये ‘नेचर’मध्ये हा वृत्तान्त आला, सारी नवी बाह्यत्वचा थोड्याच दीर्घायू मूळपेशींच्या वंशातून चालू राहते, हेही त्यात सिद्ध केले होते. पाच वर्षांनंतरच्या तपासणीतही कातडी टिकून होती.

त्या निबंधाच्या माथ्यावर लेखकांच्या नावांची रांग आहे. मुलगा फक्त ‘रुग्ण’ आहे. रुग्णाची ओळख झाकणे हा आजचा सदाचार आहे आणि तो योग्यच आहे. पण पुण्याचे पत्र त्याच्या शेजारी ठेवले की चित्र उलटे झालेले दिसते. तिथे रुग्णाचे नाव, धंदा, जात, त्याच्यावर गुदरलेला प्रसंग, सारे उघडे. आणि झाकला गेला तो करणारा. पहिल्या मजकुरात हे झाकणे विचारपूर्वक घडलेले नाही. लिहिणाऱ्याला तिथे झाकण्याजोगे काही आहे असे वाटलेच नाही.

कर्त्याचे नाव विचारण्याला आणखी एक कारण आहे. ‘मूळपेशी’ हा शब्द आता जाहिरातींतही शिरला आहे. गुडघे, केस, सुरकुत्या, सगळ्यांवर तोच उतारा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताच्या व तत्सम मान्य विकारांवरील मज्जारोपणासारखे उपचार सोडले तर मूळपेशींचा रुग्णावरचा वापर हा प्रयोग मानावा. तो उपचार म्हणून विकता येत नाही. पुण्याजवळच्या त्या माणसाने काय केले ते दोघा परक्यांना प्रत्येक पायरीनिशी पाहता आले. जाहिरातीतला उपचार असा उघड्यावर होत नाही.

पेशवे दरबारातल्या मंडळींची चित्रे काढणारा जेम्स वेल्स तेव्हा पुण्यात होता. शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये, त्याने कावसजीचेही चित्र काढले. त्यावरून केलेले कोरीव चित्र त्या पत्रासोबत इंग्लंडात पोहोचले. चित्रात नाक चांगले सरळ आले आहे. कपाळावर, जिथून ते उतरले तिथे, त्याच आकाराचा वण आहे; आणि शेजारी, आकृती म्हणून, मेणाचा तो पत्रा.