तळटीप : वर्गाविना पात्र
* ‘वर्ग’ म्हणजे पात्राचा आधीच ठरलेला साचा. अलोरे-चिपळूणकडच्या नमनात संकासुराचं सोंग घेतलं की वेश अन् चाल ठरूनच येते. १९७४च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रं वठवण्याच्या खेळातले योद्धा, जादूगार, धर्मगुरू तसेच. १९८६च्या ‘गर्प्स’ या तशाच खेळाने साचा बाजूला ठेवून खेळाडूला पात्राच्या क्षमतांवर खर्चायला गुण दिले. मग सगळेच खेळाडू एकसारखं बलाढ्य पात्र घडवतील, हा आक्षेप मला पटत नाही. तसं घडतं ते किमती चुकल्या तर. ‘गर्प्स’च्या चौथ्या आवृत्तीत ताकद एका पायरीने वाढवायला १० गुण लागतात, चपळाईला २०. कारण तलवारबाजी, तिरंदाजी, घोडेस्वारी सगळं चपळाईवरच चालतं. शिवाय लंगडेपणा किंवा अतिप्रामाणिकपणा पत्करला तर गुण परत मिळतात. असा लंगडा, खोटं न बोलणारा तिरंदाज कोणत्याच तयार वर्गात बसत नाही.