मँगनीज : भंडाऱ्याच्या खाणीतून गार्डन रीचपर्यंत

हावडा स्टेशनात गाडी शिरताना चाकांचा खडखडाट एकदम वाढतो, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. एक रूळ दुसऱ्याला छेदतो तिथे चाकाला वाट देण्यासाठी फट ठेवावी लागते आणि ती ओलांडताना प्रत्येक चाक पुढच्या टोकावर आदळते. साधे पोलाद तिथे लवकर झिजते. म्हणून हा भाग, म्हणजे क्रॉसिंग, ओतीव मँगनीज पोलादाचा करतात.

मँगनीज धातू १७७४ साली स्वीडनमध्ये योहान गान याने वेगळा केला. दिसायला करडा, पण इतका ठिसूळ की नुसता तो कशाच्याच उपयोगाचा नाही. लोखंडात मिसळला की मात्र त्याचे गुण दिसतात. पोलादातील गंधक तो आपल्याकडे ओढून घेतो, त्यामुळे लाल तापलेले पोलाद लाटताना तडकत नाही. आपल्या साध्या रुळातही सुमारे एक टक्का मँगनीज असतेच. १८८२ साली शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डने हे प्रमाण बारा-तेरा टक्क्यांवर नेले आणि एक अजब पोलाद हाती आले. त्याच्यावर जितके घाव बसतील तितका त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो, आतला गाभा मात्र चिवट राहतो. लोहचुंबकही त्याला चिकटत नाही! क्रॉसिंगला याहून चांगला धातू सुचणे कठीण.

भारतात मँगनीजचा मोठा साठा नागपूर, भंडारा आणि बालाघाट या पट्ट्यात आहे. नागपूर जिल्ह्यात खाणकाम १९०० च्या सुमारास सुरू झाले. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेची नागपूर-हावडा थेट वाटही त्याच सुमारास खुली झाली. तिचे मुख्यालय गार्डन रीचला, जिथे आज दक्षिण पूर्व रेल्वेचे आहे. कोलकात्यातल्याच भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील फर्मोर यांनी १९०९ साली या खनिजावर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. तिथल्या एका खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव दिले.

नाव गोंडांचे, पण माल मात्र जहाजात. जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद निघाले ते १९१२ साली, आणि त्यानंतरही बहुतेक खनिज कच्चेच परदेशी जात राहिले. दगड फोडणारे हात इथले आणि पोलादाचा नफा तिकडचा, हे मला फार खटकते. १९३३ साली विशाखापट्टणम बंदर झाल्यावर त्या मालाला समुद्राची जवळची वाट मिळाली. १९६२ साली सरकार आणि ब्रिटिश कंपनीच्या भागीदारीत 'मॉइल' उभी राहिली. १९७७ साली परकीय हिस्साही सरकारने घेतला. मुख्य कचेरी नागपूरलाच आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. या खनिजाची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली तर मेंदूला इजा होते. हात थरथरतात, चाल बिघडते. जॉन कूपर या स्कॉटिश डॉक्टरने १८३७ सालीच खनिज दळणाऱ्या मजुरांत हे पाहिले होते. म्हणून खाणीत पाणी मारून धूळ बसवणे आणि मजुराने तोंडावर मास्क लावणे याला टाळाटाळ चालत नाही.

घरात मँगनीज दोन रूपांत भेटते. विहिरीत टाकायचे जांभळे पोटॅशियम परमँगनेट हे एक, आणि टॉर्चच्या सेलमधली काळी पूड हे दुसरे. त्या पुडीच्या जातीचे खनिज भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग येथे निघते. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणारा फाटा त्याच गावावरून जातो.